दिगंबरपंतांनी डोळे मिटले

दिगंबरपंतांचं मोडी अक्षर असं होतं की दफ्तरातले म्हातारे कारकून त्यांचा कागद उजेडाला धरून नुसता बघत बसत. आणि स्वभाव असा होता की तोच कागद त्यांच्याकडून मागून आणायची वेळ आली, की हेच म्हातारे एकमेकांना पुढं ढकलत. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याला तापट माणसांची वानवा नव्हती. पण तलवारवाला तापट असला तर त्याला मोहिमेवर धाडता येतं; बोरूवाला तापट निघाला तर त्याचं काय करायचं, याला शास्त्रात उत्तर नाही.

ते उत्तर शोधायची वेळ कार्तिकाच्या अखेरीस आली. त्या सकाळी कुंभाराच्या गाढवानं पंतांचं वाळत घातलेलं उपरणं एका टोकाकडून खायला सुरुवात केली होती आणि पंतांनी दुसऱ्या टोकाकडून ते ओढलं होतं. निम्मं उपरणं घेऊन पंत दफ्तरात पोचले. अंग बैठकीवर बसलं, मन मात्र गाढवापाशीच राहिलं. एका बड्या सरदाराला पत्र जायचं होतं. त्या काळी पत्राच्या माथ्यावर समोरच्याच्या नावापुढं मानानं ‘गोसावी’ लिहायची चाल होती. ‘राजमान्य राजश्री’ इथवर पंतांचा बोरू नीट चालला, सरदाराचं नावही बिनचूक उमटलं, आणि त्यापुढं ‘गोसावी यांसी’ लिहायच्या ऐवजी अत्यंत वळणदार अक्षरात ‘गाढव यांसी’ असं लिहून पंतांनी शाई सुकायला त्यावर वाळू टाकली.

शिक्का पडायच्या आधी पत्र चिटणिसांच्या नजरेखालून गेलं म्हणून दौलत वाचली. चिटणिसांनी ते दोनदा वाचलं, पंतांना बोलावलं आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

“पंत, अक्षर उत्तम आहे,” ते म्हणाले, “आणि तिथंच घात आहे. अक्षर वाईट असतं तर हे ‘गोसावी’ म्हणून खपून गेलं असतं.”

मग त्यांनी शांतपणे निकाल सांगितला. चाळीस दिवसांत पंतांनी आपलं मन ताळ्यावर आणावं. नाही आलं, तर कोकणातल्या एका गडावर धान्याच्या कोठीला माणूस हवाच आहे. तिथं चार महिने पाऊस असतो आणि बाकीचे आठ महिने उंदीर. उंदरांवर कितीही रागावलं तरी ते मनावर घेत नाहीत.

पंतांनी घरी येऊन ही हकिगत बायकोला सांगितली. मंदाकिनीबाई कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर मोजून बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, की गडावर पाणी जवळ आहे का. नवऱ्याच्या अब्रूचा प्रश्न असताना ही बाई पाण्याचं विचारते म्हणून पंत भडकले. ते भडकलेत हे पाहून त्यांच्या सात वर्षांच्या श्यामलेनं, रोजच्या सवयीनं, कोणी न सांगता, तांब्या, फुलपात्र आणि शाईची दौत उचलून फळीवर ठेवली आणि पुन्हा सागरगोट्यांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. वारा सुटला की माणूस खिडकी लावतो, तसं तिनं ते केलं. चिटणिसांच्या बोलण्यानं पंतांचा मान दुखावला होता. या पोरीच्या टापटिपीनं त्यांचं काळीज दुखावलं. ते तिथंच मुकाट्यानं खाली बसले आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून ध्यानाला बसायचं त्यांनी ठरवलं.

आता, मनुष्य एकटा चोरी करू शकतो, पण सदाशिव पेठेत एकट्यानं ध्यान करू शकत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारचे श्रीनिवासशास्त्री हजर झाले. शास्त्रीबोवांचा योगशास्त्रावर मोठा अधिकार होता. स्वतः बसत नसत, गुडघे साथ देत नव्हते. त्यांनी सांगितलं की खाली दर्भासन हवं, त्यावर मृगाजिन, त्यावर धूतवस्त्र. पाठ ताठ, डोळे मिटलेले, तोंड पूर्वेला, आणि लक्ष श्वासाकडे. मन पळेल, त्याला परत आणायचं. पुन्हा पळेल, पुन्हा आणायचं. पंतांनी विचारलं, किती वेळा. शास्त्रीबोवा म्हणाले, याला अंत नाही, म्हणून तर याला साधना म्हणतात.

त्यांच्या मागोमाग वैद्यबोवा आले. त्यांच्या मते हा मनाचा विषयच नव्हता, सगळं पित्त होतं. त्यांनी ब्राह्मीचा काढा करून एका लहानशा तांब्याच्या लोटीत भरून दिला, तोंडाला फडकं बांधलं आणि राग वर येतोय असं वाटलं की एक घोट घ्यायला सांगितलं. काढा काळा होता आणि असा कडू, की एक घोट घेतला की माणूस आधीचा राग विसरून वैद्यावर रागावे.

मृगाजिन मिळालं ते शास्त्रीबोवांच्या माळ्यावरचं. त्या हरणाला मरून दोन पिढ्या झाल्या होत्या आणि त्याचे केस आता कुठे सुटायला लागले होते. पंत श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की केस नाकात जात, आणि श्वास यायच्या आधी शिंक येई. अकरा शिंकांनंतर मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या, की देवाला उठवायचं असेल तर घंटा आहे. त्यात शेजारी उखळात कांडण सुरू झालं. पंतांनी मन परत आणायचं आणि मुसळानं ते पुन्हा हाकलायचं, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पंत आसन गुंडाळून नदीवर गेले.

मुठेच्या काठी पहाटे उघड्या अंगानं, डोळे मिटून, दर्भावर बसलेला ब्राह्मण पाहिला, की तिथले भटजी त्याला एकटा सोडत नाहीत. पंतांनी डोळे उघडले तेव्हा दोघे भटजी समोर बसलेले होते आणि हळू आवाजात विचारत होते, कोण गेलं. कोणी गेलं नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं, मोठ्या आशेनं. पाचव्या दिवशी पंत पर्वती चढले. तिथं शांतता होती, पूर्व दिशाही भरपूर होती. पण चढून इतका दम लागला की श्वासाकडे लक्ष द्यावं लागलं नाही, श्वासानंच पंतांकडे लक्ष दिलं. दम ओसरेपर्यंत दफ्तराची वेळ झाली.

तेव्हा सहाव्या दिवशी पंतांनी जवळचाच पार धरला. पेठेच्या टोकाला दत्तोबा शिलेदारांचं मोठं घर होतं, आणि घरासमोर पिंपळाचा पार. शिलेदारांची माणसं रोज तिथं झाडलोट करून सडा घालीत. गार, स्वच्छ, बिनवर्दळीची जागा. एकच बारीकशी गोष्ट होती, पण ती पंतांच्या ध्यानात आली नाही: पारावरून पूर्वेकडे तोंड केलं, की ते बरोबर शिलेदारांच्या दरवाज्याकडे होई.

दत्तोबा हे जुने लढवय्ये. गुडघ्यात भाल्याची जखम, ओठावर मोठ्या मिशा आणि तबेल्यात तीन घोडी. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी घराशेजारच्या बोळाच्या तोंडाशी मातीची भिंत घातली होती आणि आत घोड्यांची वैरण रचली होती. पंतांना त्या भिंतीची गंधवार्ता नव्हती. रागीट माणसाला आजूबाजूचं फारसं दिसत नाही. तो आपल्याच धुरात असतो.

पारावर पंत बसले खरे, पण मन काही बसेना. श्वास, श्वास, म्हणता म्हणता गाढव यायचं. त्याला हाकलावं तर चिटणीस यायचे. त्यांना वाटेला लावावं तर निम्मं उपरणं यायचं. आपलंच मन आपलं ऐकत नाही म्हणून पंतांना मनाचा भयंकर राग येई. डोळे मिटलेले, चेहरा लाल, दातावर दात, असा एक ब्राह्मण रोज सकाळी शिलेदारांच्या दाराकडे तोंड करून बसतो, ही गोष्ट तीन दिवसांत पेठभर झाली. पंत सोडून सर्वांना ती माहीत होती.

नवव्या दिवशी देवडीवरचा पहारेकरी गेनबा पाराशी आला. हा वारज्याचा, म्हातारा, वीस वर्षं त्याच दरवाज्यावर.

“रागं भरून बसलायसा जनू,” तो म्हणाला. “कुनावर?”

पंतांनी खरं ते सांगितलं: मनावर. नको ते विचार येतात, हाकलले तरी जात नाहीत.

गेनबानं जरा विचार केला. “म्या ईस वर्सं देवडीवर हाय. येनारा येतो, जानारा जातो. आला त्याला बगायचं, गेला त्याला बगायचं. परत्येकाच्या मागं काठी घिऊन धावलो असतो, तर देवडी कुनी राखली असती?”

एवढं बोलून तो आपल्या जागेवर जाऊन बसला. शास्त्रीबोवांनी जे दोन प्रहर घेऊन सांगितलं होतं ते या माणसानं उभ्या उभ्या सांगितलं, याचा पंतांना थोडा रागच आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्या रागाकडेच बघायला सुरुवात केली. तो आला, उभा राहिला, आणि कोणी या-बसा म्हणत नाही असं पाहून निघून गेला. पंतांना इतकं नवल वाटलं की त्यांनी डोळे उघडून आजूबाजूला पाहिलं, कोणी बघितलं की काय.

या यशानं त्यांचा हुरूप वाढला, आणि माणसाचे घोटाळे नेहमी हुरूप वाढल्यावरच होतात. दोन दिवसांवर एकादशी होती. शास्त्रीबोवांनी सुचवलं, की त्या दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त उपास आणि मौन धरून एका जागी बसावं. एका दिवसात महिन्याचं काम होईल. पंतांनी दफ्तरातून रजा मागितली. चिटणिसांनी ती अशा तत्परतेनं दिली की पंतांना ते लागलं. एकादशीला उजाडता उजाडता पंत पारावर जाऊन बसले. पूर्वेकडे तोंड, पोटात काही नाही, तोंडात शब्द नाही, आणि हाताशी ती काढ्याची फडकं बांधलेली लोटी.

आता त्या काळी पुण्यात एक रीत होती, तिला धरणं म्हणत. कोणावर अन्याय झाला आणि दाद लागली नाही, तर तो अन्याय करणाऱ्याच्या दाराशी उपाशी जाऊन बसे. तो उपाशी आहे तोवर घरातल्या यजमानानंही अन्न घ्यायचं नाही. बसणारा ब्राह्मण असला आणि तिथंच मेला, तर त्याचं पाप सात पिढ्या धुतलं जात नसे. कोणी कोणी तर दाद लागेना झाली तर घ्यायला म्हणून विषही जवळ ठेवीत. तेव्हा शिलेदारांच्या माडीवरून बघणाऱ्याला त्या सकाळी काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा गेनबाच आला आणि अदबीनं विचारू लागला, काय मागणं आहे. पंतांना बोलायचं नव्हतं. त्यांनी नाकाकडे बोट दाखवलं, म्हणजे श्वास. जमलेल्या दोघा-चौघांनी त्याचा अर्थ लावला, की प्रश्न नाकाचा, म्हणजे इभ्रतीचा आहे. पंतांनी घाईघाईनं मान हलवून वर आभाळाकडे बोट केलं, म्हणजे हे देवाचं काम. त्यावर लोक हळहळले. ब्राह्मणानं वर जायची तयारी ठेवली आहे, असं त्यांचं मत झालं. यापुढं खुणा करण्यात अर्थ नाही हे ओळखून पंतांनी डोळे मिटले. एक म्हातारी रडायला लागली.

आत दत्तोबांचं ताट वाढलेलं होतं. न्याहारीची भाकरी हातात घेतली आणि ही वर्दी आली. भाकरी तशीच ठेवून ते दरवाज्यात आले आणि गरजले, की मी या ब्राह्मणाचं काय घोडं मारलंय. पंत गप्प. दत्तोबा आणखी गरजले. पंत आणखी गप्प. त्यांच्या आवाजानं उरलेली पेठ गोळा झाली.

दुपारी पेठेच्या चावडीवरून कारकून आला. हाही जातीचा कागदवाला. पारावर पंतांच्या शेजारी बसून तो मोठ्यानं म्हणत म्हणत लिहू लागला: वादी बोलत नाही, सबब वाद मोठा असावा. मग वादीचं नाव. पंतांनी नकळत एक डोळा किंचित उघडून कागदाकडे पाहिलं. त्या माणसानं ‘दिगांबर’ लिहिलं होतं. ओळ सुरू झाली तिथं एक बोट वर होती आणि संपली तिथं दोन बोटं खाली गेली होती, जशी काही अक्षरं नदीवर पाण्याला निघाली आहेत. काना कुठला, मात्रा कुठली, बोलायची सोय नाही.

वाघाशी झुंजणारे पुष्कळ झाले, पण आपलं नाव चुकीचं लिहिलेलं पाहून गप्प बसलेला मोडीनवीस पुण्यानं तोवर पाहिलेला नव्हता. राग पंतांच्या पोटातून निघाला, छातीत आला, कानांपर्यंत चढला. हात बोरू हिसकावून घ्यायला शिवशिवला. पंतांनी डोळा मिटला आणि ते मनाच्या देवडीवर बसले. राग आला, मोठ्या लवाजम्यानिशी आला, दारात उभा राहिला, त्यानं आरडाओरडा केला. पंतांनी त्याला नीट पाहिलं, पण बसायला पाट दिला नाही. बराच वेळ गेला. मग कधीतरी दार मोकळं झालं, आणि श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच राहिलं. काढ्याच्या लोटीला त्यांनी हातही लावला नव्हता. त्या घटकाभरात पंतांना जे सुख लाभलं ते त्यांना उभ्या आयुष्यात कधी लाभलं नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी जमलेल्या लोकांनी ठरवलं होतं की यांचा अंतकाळ जवळ आला.

दत्तोबांची भूक आता डोक्यात गेली होती. लढाईत तीन दिवस चण्यांवर काढलेला माणूस. पण समोर शत्रू दिसत असला की भुकेचं काही वाटत नाही. इथं शत्रू कोण तेच कळेना. ते दरवाज्याच्या पायरीवर बसले आणि आठवू लागले. मग एकेक कबूल करू लागले. घोडं गेल्या साली तेल्याला चावलं, ते मी हसण्यावारी नेलं. पंत गप्प. आंब्याची फांदी शेजाऱ्याची होती आणि आंबे मी खाल्ले. पंत गप्प. मग आवाज खाली आला. धाकट्या भावाची आणि माझी सात वर्षं बोलाचाली नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. लोणी काळभोरापर्यंत घोड्यावर गेलो आणि वेशीवरून परत आलो. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा आतून त्यांचं कुटुंब, बायडाबाई, उंबऱ्याशी आल्या. इतका वेळ त्या दाराआडून ऐकत होत्या.

“धनी, बोळ हाय तो,” त्या म्हणाल्या. “दसऱ्यापास्नं समद्या बाया हौदाला आख्ख्या पेठंला वळसा घालून जात्यात. माज्या तोंडावर कुनी बोलत न्हाई. पाठीमागं समद्या बोलत्यात.”

दत्तोबांनी एकदा पारावरच्या पंतांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि गेनबाला पहार आणायला सांगितली.

भिंत पडल्याच्या आवाजानं पंतांनी डोळे उघडले. समोर धूळ होती, आणि धुळीतून एकामागोमाग एक बायका घागरी घेऊन बोळात शिरत होत्या. तिसरी मंदाकिनीबाई होत्या. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. त्या पाराशी पळभर थांबल्या, खांद्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की लग्नाला बारा वर्षं झाली पण ती नजर पंतांना नवी होती. मग त्या पुढं गेल्या.

आणि पंतांना आठवलं. दसऱ्यानंतर कितीदा तरी ही बाई बोळाचं काही सांगू लागली होती. दर वेळी आपण दुसऱ्याच कशावर तरी ओरडत होतो.

सूर्य टेकला तसे दत्तोबा स्वतः दुधाचा पेला घेऊन आले. पंतांना आधी खुलासा करायचा होता, पण त्या भुकेल्या लढवय्याचा चेहरा पाहून ते आधी दूध प्याले. मग म्हणाले, “शिलेदार, मी खरं म्हणजे…”

“आता काई बोलू नका, पंत,” दत्तोबा म्हणाले. “तुम्ही गप बसलासा तर एवढं निगालं. बोललासा तर काय काय निगंल.” आणि ते लगबगीनं जेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी चावडीवरून बोलावणं आलं. कारकुनानं कागद पुढं केला: बोळाकरता धरणं धरलं होतं, दाद मिळाली, तक्रार राहिली नाही, खाली सही करावी. पंत म्हणाले, मी बोळाकरता बसलोच नव्हतो. मग कशाकरता, असं कारकुनानं विचारलं. पंत म्हणाले, मन शांत करण्याकरता. कारकुनाकडे तसा रकाना नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, की वादी नसेल तर वाद नाही, वाद नसेल तर भिंत विनाकारण पडली, आणि विनाकारण पडलेली भिंत पूर्ववत उभी करून द्यावी असा शिरस्ता आहे. विचार करायला एक दिवस मिळेल. पंतांनी एवढीच विनंती केली, की काही झालं तरी नावातला काना तेवढा काढावा.

घरी येऊन त्यांनी मंदाकिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

“म्हणजे आपण त्यासाठी बसला नव्हता?”

“नाही.”

“मला कालपासून वाटत होतं, की बसलात,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

त्यांनी आदळआपट केली असती तर पंतांना सोपं गेलं असतं. सही केली तर खोटं, न केली तर भिंत. ते उठले, पागोटं घातलं आणि सरळ शिलेदारांकडे गेले.

दत्तोबा ओसरीवर होते. पंतांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, गाढवापासून एकादशीपर्यंत. ऐकता ऐकता दत्तोबांच्या मिशा हलू लागल्या. म्हणजे आपण दिवसभर विनाकारण उपाशी राहिलो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. भाऊ, आंबे, तेली, सगळं चारचौघांत ओकलो, तेही ध्यानात येत होतं. ते गुडघा सावरत उठले आणि बोलू लागले. ते बोलणं इथं सांगण्यासारखं नाही. ब्राह्मणाला कोणी इतकं बोललेलं पंतांच्या ऐकिवात नव्हतं. पंत ऐकत उभे राहिले. आज डोळे मिटायची सोय नव्हती, मौन नव्हतं, उघड्या डोळ्यांनीच देवडी राखायची होती.

दत्तोबांचा दम संपला तेव्हा पंत म्हणाले, “शिलेदार, मी त्या बोळासाठी बसलो नव्हतो, हा माझा अपराध. बसायला हवं होतं. माझी बायको दोन महिने वळसा घालून पाणी आणत होती आणि मला पत्ता नव्हता. म्हणून आज तोंडानं मागायला आलोय. भिंत पुन्हा घालू नका.”

दत्तोबा खाली बसले.

“त्या लोटीत काय हुतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“ब्राह्मीचा काढा.”

“इख न्हवं?”

“नाही. चव तशीच आहे.”

दत्तोबा हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सांगितलं, की लढाईवरून आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. काल रात्री जेवून पडले ते उन्हं अंगावर आली तेव्हा उठले. वैरण परसात रचता येईल. आज दुपारी ते लोणीला, भावाकडे निघाले आहेत. परत आल्यावर पंतांनी त्यांना ते देवडीवर बसायचं शिकवावं. पंतांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की त्याचे गुरू दरवाज्यातच काठी घेऊन बसलेले आहेत.

चावडीवरच्या कागदात शेवटी ‘उभयतांचे समाधान झाले’ एवढंच लिहिलं गेलं, आणि ते अक्षरशः खरं असल्यानं पंतांनी सही केली. त्या दिवशी घरी गेल्यावर ओसरीवर भरलेला तांब्या होता आणि तो तिथंच राहिला. श्यामला सागरगोट्यांत गुंतली होती. पंत त्यातलं पाणी प्याले आणि त्यांनी तांब्या अलगद खाली ठेवला.

चाळिसाव्या दिवशी चिटणिसांनी बोलावलं. त्यांच्या कानावर धरण्याची सगळी हकिगत, किंवा तिच्या तिप्पट हकिगत, गेलेली होती. गडाच्या नेमणुकीचा कागद त्यांनी पंतांच्या देखत फाडला आणि विचारलं, की आपला आमच्या दाराशी येऊन बसण्याचा काही विचार आहे का. पंत म्हणाले, मी आपल्या दारी कधी बसणार नाही. चिटणीस म्हणाले, ते लिहून द्या. पंतांनी ते उत्तम अक्षरात लिहून दिलं.

पण हौस म्हणून बसावं, तर आता पुण्यात पंतांना जागा उरली नाही. नदीवर बसले तर पलीकडच्या घाटाचा मालक पायऱ्या दुरुस्त करून देतो म्हणून हात जोडून आला. देवळाच्या ओट्यावर बसले तर समोरच्या सोनारानं दुकानाची पुढं आलेली फळी आपणहून मागं घेतली. एका बाईनं तर सुनेच्या माहेरी दोन दिवस बसाल का, म्हणून येऊन विचारलं. पंतांनी कोणाला ओरडून उत्तर दिलं नाही, हीच त्यातली कमाई.

शेवटी पौषातल्या एका सकाळी त्यांनी आपल्याच घरात, माजघराकडे तोंड करून, साधी घोंगडी टाकली. शेजारी उखळ सुरू होतं, बाहेर गाढव ओरडत होतं. पंतांनी पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. मंदाकिनीबाई घागर भरून आल्या. त्यांनी ती ठेवली, हात पुसले आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

“आमच्याकडून काय हवंय, ते आधी सांगून बसा,” त्या म्हणाल्या.

पंतांनी डोळे न उघडता जरा विचार केला. दफ्तर, चिटणीस, उपरणं, अक्षर, सगळीकडे मन फिरवून पाहिलं.

“काही नाही,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, “तुमचं काही सांगायचं राहिलं असेल, तर बसा. आज ऐकू येतंय.”

बाईंनी दाराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि घोंगडीच्या कडेला बसून सांगायला सुरुवात केली. बारा वर्षांचं होतं. पंतांना त्या दिवशी दफ्तरात जायला बराच उशीर झाला.